ओलांडू नये असे पाणी

श्रीतट नगरीत मंजुळा नदीच्या काठाने जो प्रख्यात रस्ता जातो, तो चालणाऱ्याच्या मानाने लांब किंवा आखूड होतो. तेथील रहिवाशांना यात नवल वाटत नाही. कडेवरच्या मुलाला झोप लागायच्या आत एखादी लेकुरवाळी तो संपवते. तर एका निवृत्त न्यायाधीशांना त्याच रस्त्याने पलीकडच्या कमानीपर्यंत पोहोचण्यास उन्हाळा आणि पावसाळा असे दोन ऋतू लागले होते, आणि परत आल्यावर त्यांनी कुरकुर केली ती केवळ वहाणांच्या तळव्यांविषयी. रस्त्याचे जसे, तसेच काठावरच्या सर्व वस्तूंचे. बाके, दिव्यांचे खांब, कठडा, पायऱ्या हे सारे ज्याच्या त्याच्यापुरते लहानमोठे होते. प्रवेशाच्या कमानीवर नगरपालिकेने तशी पाटीच लावली आहे: 'हा रस्ता प्रत्येकास त्याच्या मानाने मिळेल. कृपया तुलना करू नये.'

त्र्यंबकशास्त्री टोकेकर यांनी ती पाटी उभे राहून वाचली, तिच्यातले ऱ्हस्वदीर्घ मनोमन तपासले, आणि ते निर्दोष असल्याचे पाहून समाधानाने मान हलवली.

"वाचून झालं असेल तर निघायचं का?" मनोरमाबाई म्हणाल्या. "का तिचं पाठांतर करायचं आहे?"

शास्त्रीबुवांनी एका लहान गावातल्या वेदपाठशाळेत उभा जन्म संथा दिली होती. बोलणे मोजके, चालणे झपाझप, आणि आचार असा की पाण्याच्या तांब्यालाही त्यांच्या हाताचा धाक वाटावा. मनोरमाबाई या त्यांच्या सहधर्मचारिणी. कोणे एके वर्षी किराणा दुकानाच्या दिनदर्शिकेवर या रस्त्याचे चित्र आले होते. वर्ष सरले तरी बाईंनी ते चित्र टाकले नाही, डब्यांच्या फळीखाली चिकटवून ठेवले. पोळ्या लाटताना त्यांची दृष्टी तेथे जाई. पाठशाळेतून शास्त्रीबुवा निवृत्त झाले, त्या सायंकाळी त्यांनी पत्नीला विचारले, "तुला आजवर काही मागावंसं वाटलं नाही का?" बाईंनी लाटणे न थांबवता उत्तर दिले, "मला त्या रस्त्यावरून चालायचं आहे. तुमच्या मागून नव्हे, शेजारून."

म्हणून ते आले होते.

शास्त्रीबुवा बाहेरचे अन्न घेत नसत, आणि ते जेवल्यावाचून बाईंच्या मुखात घास जात नसे. दोघांचेही हे नेम इतके जुने झाले होते की अंगावरच्या तिळाप्रमाणे ते नजरेआड गेले होते. बाईंच्या खांद्यावरच्या कापडी पिशवीत दुधात भिजवलेल्या दशम्या आणि लसणाविना केलेली चटणी होती. पलीकडच्या कमानीजवळ मोठा पिंपळ आहे असे ऐकले होते. त्याच्या सावलीत बसून जेवायचे ठरले होते.

शेजारी चालणे मात्र वाटले तितके सोपे ठरले नाही. शास्त्रीबुवांचे पाऊल सवयीने पुढे पडे, आणि बाई उपरण्याचे टोक धरून त्यांना मागे ओढीत.

"अहो, पळता कुठे? मंगलाष्टकं संपली केव्हाच. आता मुहूर्त चुकायचा नाही."

"मी पळत नाही. तू रेंगाळतेस."

"रेंगाळायलाच आले आहे मी. ते बघा, नदी कशी उलगडून ठेवल्यासारखी दिसते. जरीकाठासकट."

शास्त्रीबुवांनी नदीकडे वळून प्रथम हात जोडले, मग पाहिले. बाई हसल्या. बाईंसाठी रस्ता सोयीचा झाला होता. त्यांना हव्या त्या ठिकाणी हवे तेवढे बाक येई, त्या क्षणभर टेकत आणि पुन्हा उठत. त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांचा त्यांना विसर पडला होता. असे करता करता एका वळणावर घडले ते असे की त्याच चार पावले पुढे गेल्या. लग्नानंतर प्रथमच त्या पुढे होत्या आणि शास्त्रीबुवा मागे.

त्या वळणावर उजव्या हाताला एक लहानसे शिवालय होते. रस्ता बांधणाऱ्यांनी ते जागचे हलवले नव्हते. रस्त्यालाच दोन फाटे फोडले होते. एक फाटा देवळासमोरून सरळ जाई, दुसरा देवळाच्या पाठीमागून वळसा घालून पलीकडे पहिल्याला येऊन मिळे. गाभाऱ्यातल्या अभिषेकाचे पाणी गोमुखातून बाहेर पडून, समोरच्या फाट्याला आडव्या छेदणाऱ्या दगडी पन्हळीतून नदीला मिळत होते. पन्हळ वीतभर रुंद होती. माणसे बोलत बोलत तिच्यावरून जात होती. लहान मुलांच्या गाड्याही किंचित उचलून नेल्या जात होत्या.

शास्त्रीबुवांचे पाय तेथे आपोआप थांबले. शंकराच्या अंगावरून वाहून आलेले हे पाणी म्हणजे सोमसूत्र. ते ओलांडू नये. प्रदक्षिणा करणाऱ्याने तेथवर यावे, तेथून माघारी फिरावे, आणि उलट्या बाजूने पुन्हा त्याच पाण्याच्या पलीकडच्या कडेशी यावे, अशी रीत आहे. ती त्यांनी मौंजीपासून पाळली होती आणि शेकडो शिष्यांच्या अंगवळणी पाडली होती.

"थांब!" ते म्हणाले.

पण मनोरमाबाईंचे पाऊल तोवर पलीकडे टेकले होते. त्या वळल्या.

"काय झालं? पायाखाली काही आलं का?"

"सोमसूत्र आहे ते. ओलांडलंस तू."

"अगं बाई!" बाईंनी जीभ चावली. "मला वाटलं, गटार आहे."

"गटार?"

"स्वच्छ दिसलं म्हणून लहानसं गटार." त्यांनी देवळाकडे वळून कानाच्या पाळ्यांना हात लावले. "चुकले रे बाबा. हे बघा, येते मी परत." आणि निऱ्या उचलून त्यांनी पाऊल पुढे घेतले.

"नको!" शास्त्रीबुवांनी हात वर केला. "अजाणता झालं, त्याचा दोष नाही. आता जाणूनबुजून ओलांडू नकोस. देवासमोर सांगतो, ओलांडू नकोस. तिथेच उभी राहा. मी मागच्या फाट्यानं वळसा घालून येतो."

"नक्की लगेच याल ना? वाटेत कुणी विद्वान भेटला की तुम्ही बसकण मारता."

"देवळामागे कोण विद्वान बसला आहे?"

"तुम्हाला भेटतात," बाई म्हणाल्या, आणि पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून पन्हळीच्या कडेला उभ्या राहिल्या.

शास्त्रीबुवा माघारी फिरले आणि देवळामागे गेले.

देवळाची मागची भिंत समोरच्या भिंतीहून लांब होती. तिच्यात कोनाडे होते आणि प्रत्येक कोनाड्यात एक मूर्ती होती. मूर्तीला नमस्कार केल्याशिवाय पुढे जाण्याचा त्यांचा परिपाठ नव्हता. त्यांनी पहिल्या कोनाड्याशी हात जोडले, दुसऱ्याशी जोडले, आणि पुढे पाहिले तेव्हा भिंत दूरवर गेलेली दिसली, जशी बाजारपेठ जाते तशी, आणि तिच्या टोकाशी उजेड होता. ते चालत राहिले. नमस्कार करीत राहिले. वाटेत कुणीसे वाळवण घातले होते, त्याला त्यांनी वळसा घातला. एका ठिकाणी दोन गृहस्थ भिंतीला टेकून बुद्धिबळ खेळत होते, त्यांतला एक म्हणाला, "बसा शास्त्रीबुवा, आपल्यालाच विचारणार होतो." शास्त्रीबुवांनी मान डोलावली आणि ते थांबले नाहीत.

अर्ध्या वाटेवर त्यांना शास्त्रवचनातला अपवाद आठवला. सोमसूत्रावर गवत, पान, काष्ठ वा दगड ठेवून ते झाकले, तर ओलांडण्यास प्रत्यवाय नाही. ही सोय त्यांनी आजवर कधी घेतली नव्हती, शिष्यांनाही तिची सवय लागू दिली नव्हती. म्हणूनच ती वेळेवर स्मरली नाही. एका पिंपळपानाने काम झाले असते. परंतु आरंभलेली प्रदक्षिणा अर्ध्यातून टाकता येत नाही. ते पुढे चालत राहिले.

भिंत संपली तेव्हा ते देवळाच्या दुसऱ्या अंगाने समोर आले. आता गोमुख त्यांच्या डाव्या हाताला होते. म्हणजे ते पलीकडच्या कडेशी आले होते, यात संशय नव्हता. पन्हळ समोर होती. ती आता हातभर रुंद होती. आणि मनोरमाबाई तिच्या पलीकडच्या कडेला उभ्या होत्या.

"अगं, तू तिकडे कशी?" शास्त्रीबुवांनी विचारले.

"मी कुठे हलले? तुम्ही सांगितलंत तिथेच उभी आहे."

त्यांनी पाहिले. बाईंच्या मागे कठड्याची तीच कड होती, तेच मघाचे बाक होते. बाई हलल्या नव्हत्या. फक्त त्यांची सावली लांबली होती आणि कठड्यावरून नदीत उतरली होती. शास्त्रीबुवांच्या पायाशी त्यांची स्वतःची सावली अजून आखूडच होती.

"मी वळसा घालून आलो," ते म्हणाले.

"दिसतंय ना. पलीकडेच आलात पुन्हा. तुम्हाला दिशेचं भान कधीच नव्हतं. काशीला नाही का, स्नानाला म्हणून निघालात आणि भाजीमंडईत पोहोचलात?"

तेवढ्यात शिट्टी वाजली. रस्त्याचा पहारेकरी आला होता. खाकी गणवेश, काखेत छत्री, आणि दिवसभर तेच ते बोलून सपाट झालेला आवाज.

"आजोबा, इथं थांबता येत नाही. या बाजूला चालायचं."

"माझी पत्नी पलीकडे उभी आहे."

"त्या बाजूला थांबायची सोय आहे. आजींना काही अडचण नाही. या बाजूला नाही."

"मला हे पाणी ओलांडायचं नाही. झाकून ओलांडता येईल. एखादं पान, मूठभर गवत मिळेल का?"

पहारेकऱ्याने मागच्या हिरवळीकडे पाहिले. तिच्यात पाटी रोवलेली होती. "ते गवत तोडायचं नसतं, आजोबा. ते बघायचं असतं." मग त्यालाच काय वाटले कोण जाणे, त्याने कचरापेटीतून एक पुठ्ठा काढला आणि पुढे केला. "हे घ्या. टाका आणि व्हा पार."

पुठ्ठ्यावर कुणाच्या तरी पावभाजीचा लाल डाग होता. शास्त्रीबुवांचा हात पुढे झाला आणि जागीच थांबला.

"उष्टा आहे हा," ते म्हणाले.

"पालथा घाला मग."

"देवाच्या पाण्यावर उष्टं घालू?"

"तुमची मर्जी," पहारेकरी म्हणाला, आणि पुठ्ठा त्याने पुन्हा पेटीत टाकला. पलीकडून मनोरमाबाई हसून म्हणाल्या, "राहू द्या हो, दादा. त्यांचं असंच आहे. आमच्या लग्नात माझ्या आईनं दिलेला पेढासुद्धा त्यांनी आधी धुऊन घेतला होता."

शिट्टी पुन्हा वाजली. शास्त्रीबुवा बाईंना म्हणाले, "मागच्या भिंतीच्या फटींतून दूर्वा उगवल्या आहेत. मी त्या घेऊन येतो."

"या. पण लवकर या. भूक लागली आहे मला."

हे वाक्य त्यांनी सहज उच्चारले. शास्त्रीबुवा मात्र वळता वळता थांबले. सकाळपासून त्या उपाशी होत्या. पिशवी त्यांच्याच खांद्यावर होती.

"तू खाऊन घे तोवर."

"हो, घेते हं," बाई म्हणाल्या, ज्या स्वरात त्या बोहारणीला नाही म्हणत त्या स्वरात.

या खेपेला मागची वाट अरुंद झाली होती. देवळाची भिंत आणि समोरच्या आवाराची भिंत या एकमेकींकडे सरकल्या होत्या. शास्त्रीबुवांना अंग चोरून, एक खांदा पुढे करून चालावे लागले. कोनाडे होते, मूर्तीही होत्या, पण हात जोडण्यास कोपरांना जागा उरली नव्हती. त्यांनी मनानेच नमस्कार केले आणि त्याबद्दल मनानेच क्षमा मागितली. बुद्धिबळ खेळणारे दोघे आता भिंतीच्या आत, दगडांत कोरलेल्या चित्राप्रमाणे सपाट बसले होते. "बसा शास्त्रीबुवा," त्यांतला तोच म्हणाला. बसायला जागा नव्हती. फटीतून उगवलेल्या दूर्वा त्यांनी बोटांनी चाचपून खुडल्या, मुठीत धरल्या. भिंतीच्या आतून पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता. त्या आवाजाच्या लयीत त्यांचा जप चालू होता. चालता चालता त्यांना उमगले की जप त्यांचा राहिला नसून पाण्याचाच चालू आहे, आणि ते नुसते ओठ हलवीत आहेत.

ते बाहेर आले तेव्हा पन्हळ रस्त्याएवढी रुंद झाली होती.

माणसे अजूनही तिच्यावरून जात होती. कुबडी घेतलेले एक वृद्ध गेले; दोन मुली एकाच आइस्क्रीमवरून भांडत गेल्या. त्यांची पावले या कडेवरून उठत आणि त्या कडेवर टेकत. मधल्या पाण्याचे ते काय करीत, हे त्यांच्या पावलांनाच ठाऊक. कुणी उडी मारत नव्हते. कुणाचा घोटाही भिजत नव्हता.

पलीकडे मनोरमाबाई आता बाकावर बसल्या होत्या. बाक त्यांना मोठे झाले होते. पाय जमिनीला टेकत नव्हते. त्या बारीक झाल्या होत्या. पदर खांद्यावर राहत नव्हता आणि हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढवून ठेवलेल्या होत्या.

शास्त्रीबुवांनी वाकून दूर्वांची जुडी पाण्यावर ठेवली. पाण्याने ती उचलली, एकदा फिरवली, आणि नदीकडे नेली.

"मनोरमे!" त्यांनी हाक मारली. नावाने हाक मारण्याची त्यांची पद्धत नव्हती. आजवर 'अगं' एवढ्यावर सारा संसार निभावला होता. "मनोरमे! खाल्लंस का?"

"ओरडता कशाला?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज दुसऱ्या गावाहून यावा तसा आला, पण शब्द स्पष्ट होते. "इथेच तर आहात, हाताच्या अंतरावर. लोक बघतात."

"तुला मी हाताच्या अंतरावर दिसतो?"

"मग काय! वीतभर तर पाणी आहे मधे."

"माझ्याकडून ते रस्त्याएवढं दिसतं आहे."

बाईंनी थोडा विचार केला. "पाटीवर लिहिलंच होतं तसं," त्या म्हणाल्या. "तुलना करू नये म्हणून."

"खाऊन घे तू. मी सांगतो. माझी आज्ञा समज."

"हे बघा, पाणी ओलांडायचं नाही हा तुमचा नेम. तुम्ही जेवल्याशिवाय जेवायचं नाही हा माझा. तुम्ही कधी मला तो लावला नव्हता. मीच धरला, नवी नवरी होते तेव्हा. तो तुम्हाला कसा सोडवता येईल?"

असंख्य वादसभांत शास्त्रीबुवांचा शब्द कधी खाली पडला नव्हता; तो आता त्यांनी आपणच मागे घेतला. मग ते म्हणाले, "तर तू ये इकडे. तुला वीतभरच आहे ना? ओलांड आणि ये."

"आता?"

"आत्ता."

"देवासमोर एकदा नको म्हणालात. त्याच देवासमोर आता ये म्हणता. मी आले तर दोष तुमच्या माथी लागेल."

"लागू दे!"

"तुमच्या माथ्याचं तुम्ही बोलता. मला नाही चालायचं," बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. देवाला दाखवलेला नैवेद्य उचलावा इतक्या सहजपणे त्यांनी पिशवीत हात घातला. "मी काय म्हणते, असं करू या. दशमी मी पुढे करते. तुम्ही तिकडे खा, मी इकडे खाते. कुणाचाच नेम मोडायला नको."

त्या बाकावरून उतरल्या, कडेशी आल्या, आणि दशमीवर चटणी पसरून ती दुमडून त्यांनी हात लांब केला.

शास्त्रीबुवांनी तो हात पाहिला. दूरच्या कडेवरून निघालेला तो बारीक, गोरा हात पाण्यावर जेमतेम वीतभर आला होता. त्याच्या टोकाशी दशमी होती. शास्त्रीबुवा कडेवर पोटावर पालथे झाले. सोवळ्याओवळ्याचा विचार न करता त्यांनी धुळीत छाती टेकवली आणि हात शक्य तितका पुढे नेला. त्यांच्या बोटांपुढे पाणी होते, त्या पाण्यापुढे आणखी पाणी होते, आणि त्याच्याही पुढे तो हात होता.

"घ्या की," बाई म्हणाल्या. "इतकं काय बघता?"

"पोहोचत नाही."

"काय?"

"पोहोचत नाही गं, माझा हात!"

"तुमचे ओठ हलतात, पण ऐकू येत नाही. मोठ्यानं बोला, जप करता तसं पुटपुटू नका." त्यांचा हात तसाच पुढे होता. "हात दुखला हो माझा. घेत का नाही? सोमसूत्रावरून आलेलं अन्नही चालत नाही का?"

"चालतं! चालतं!" शास्त्रीबुवा ओरडले. पाण्याच्या आवाजापुढे त्यांना स्वतःचेच शब्द ऐकू आले नाहीत.

मनोरमाबाईंनी त्यांच्या मुखाकडे पाहिले. मग समजूतदारपणे त्यांनी मान हलवली. आजवर असंख्य वेळा त्यांनी अशीच मान हलवली होती. पुरणाचे ताट परत नेताना, भरलेली कळशी पुन्हा ओतताना.

"बरं, राहू दे," त्या म्हणाल्या. "असेल काही शास्त्र." आणि दशमी त्यांनी पुन्हा फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवली.

शास्त्रीबुवा उठले. मागे वळून पाहतात तो मागे रस्ता नव्हता. पन्हळ जशी रुंदावत गेली तशी ती या बाजूचाच काठ खात आली होती. हिरवळ गेली होती, पाटीही गेली होती. देवळाच्या मागे जाणारा फाटा भिंतींच्या मिठीत नाहीसा झाला होता. तेथे आता एक उभी रेघ होती, जिच्यात नखही शिरले नसते. पहारेकरी त्या रेघेशी पाठ लावून, पाय जुळवून उभा होता.

"आजोबा, पुढे चला," तो म्हणाला.

"कुठे चलू?"

"ते तुम्ही बघा. इथं थांबता येत नाही." मग तो कडेला आला, पन्हळीवर पाऊल टाकून सहज पलीकडे गेला, मनोरमाबाईंना "जरा सरकता का, आजी" म्हणून त्यांच्या बाकाच्या टोकाशी बसला, आणि शिट्टी रुमालाने पुसू लागला.

शास्त्रीबुवांच्या पायाखाली एक फरशी उरली होती. पाण्याचा आवाज आता चारी बाजूंनी येत होता आणि फरशीची कड शांतपणे विरघळत होती, पाण्यात साखरेचा बत्तासा विरघळावा तशी.

त्यांनी देवळाकडे पाहिले. गाभाऱ्यात दिवा दिसत होता. उभ्या जन्मात या देवाकडे त्यांनी काही मागितले नव्हते. मागणाऱ्याची भक्ती उणी, असे ते शिष्यांना सांगत. त्यांनी हात जोडले. "महादेवा," ते म्हणाले, "ती उपाशी आहे." शिवाला आळवण्याची शेकडो स्तोत्रे मुखोद्गत असताना त्यांच्या तोंडून एवढेच निघाले.

मग त्यांनी धोतराचा सोगा वर खोवला. समोरचे पाणी तलावाएवढे झाले होते, तरी त्याच्यावरून माणसे एका पावलात येत-जात होती, हे ते पाहत होते. बाईंना ते वीतभरच आहे, हेही त्यांना ठाऊक होते. आपले पाऊलही त्या माणसांच्या पावलांसारखेच एक पाऊल आहे, असे त्यांनी स्वतःशी म्हटले. मौंजीपासून पाळलेली रीत त्यांनी मनातून उतरवून ठेवली. ओल्या वस्त्रासारखी ती जड होती. आणि उजवा पाय उचलला.

त्याच वेळी पलीकडे मनोरमाबाई उभ्या राहिल्या. नवऱ्याने काय उचलले आहे याकडे त्यांचे लक्ष नव्हते. त्या पिशवीचे बंद खांद्यावर नीट करीत होत्या.

"ऐकलंत का?" त्या म्हणाल्या. "तुम्ही दमलात. सारख्या फेऱ्या तुम्हीच का घालायच्या? तुमच्या रीतीनंच येते मी. देवाला उजव्या हाताशी ठेवून मागून वळसा घालते आणि येते. पाणी ओलांडायला नको, दोष नको, काही नको. मग शेजारी बसून जेवू."

"नको!" शास्त्रीबुवा ओरडले. "तिकडून जाऊ नकोस! मागची भिंत मिटली आहे! मीच येतो आहे, हे बघ, मीच ओलांडतो आहे!"

त्यांचे ओठ हलताना बाईंना दिसले असावेत. "जप चालू दे तुमचा," त्या हसून म्हणाल्या. "मी काही लांब जात नाही." पहारेकऱ्याने उठून त्यांना वाट दिली.

त्या निघाल्या. चालण्यात जराही घाई नव्हती. कोपऱ्यावर पोहोचताच त्यांनी पहिल्या कोनाड्याला हात जोडले, आणि दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून त्या देवळामागे वळल्या. पदराचे टोक वाऱ्याने एकदा भिंतीबाहेर आले आणि आत ओढले गेले.

शास्त्रीबुवांचा उजवा पाय पाण्यावर उचललेला होता. पलीकडची कड आता दिसत नव्हती. डाव्या पायाखालची फरशी एका पावलाएवढी उरली होती, आणि उजवा पाय जेथून उचलला होता तेथे पाणी होते.